कंपोस्टेबल पिशवीतली अजैविक नॅनोनळी : पार्श्वभूमी

मुंबईतला २००५ चा पूर, तुंबलेली गटारं, २००६ ची पिशवीच्या जाडीची ५० मायक्रॉनची अट आणि २०१८ ची प्लास्टिकबंदी सर्वांना ठाऊक आहे. या विषयासाठी महत्त्वाची आहे ती बंदीतली सूट. महाराष्ट्राच्या अधिसूचनेनं कंपोस्टेबल, म्हणजे कंपोस्टमध्ये कुजणाऱ्या, पिशवीला रोपवाटिका, शेती आणि घनकचरा यांपुरती वाट ठेवली. केंद्राच्या नियमांनी इतर पिशव्यांची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली, कंपोस्टेबलला मात्र जाडीची अट लावली नाही. कंपोस्टेबल प्लास्टिकचा दाणा (कच्चा माल) महाग, त्यामुळे त्याची फिल्म ओढणारा पातळ जाऊ पाहणारच. पण ओल्या कचऱ्याचं वजन घेऊन जिना उतरताना पातळ पिशवी तळातून फाटते.

पिशवीचं मिश्रण बहुधा पीबॅट आणि पीएलए या दोन कंपोस्टेबल पॉलिमरचं (प्लास्टिकचं), साधारण ७०:३०. पीबॅट पाचशे टक्क्यांहून जास्त ताणलं जातं, पण ढिलं. पीएलए ५०–७० मेगापास्कल सोसतं, पण दहा टक्के ताणायच्या आतच तुटतं. दोन्ही एकमेकांत विरघळत नाहीत. पीबॅटमध्ये पीएलएचे थेंब तसेच राहतात आणि फाट त्या थेंबांच्या कडेनं जाते. ती अडवायला मिश्रणात नॅनोनळ्या, म्हणजे अतिसूक्ष्म पोकळ नळ्या, घालतात.

कार्बनच्या नॅनोनळ्या १९९१ मध्ये गाजल्या, टंगस्टन डायसल्फाइडच्या १९९२ मध्ये आल्या. हॅलोसाइट ही नळीसारखी गुंडाळलेली माती खनिज म्हणून १८२६ पासून नोंदलेली, पण पॉलिमरमध्ये ती रुळली २००० नंतर. ती पांढरी असते, खाणीतून येते. लांबी साधारण १ मायक्रॉन, बाहेरचा व्यास ५०–७० नॅनोमीटर.

सुरुवातीचा सगळा भर 'किती टाकायची' यावर होता. व्यवहारात १ ते ५ टक्के पुरतात. त्यापुढे गुठळ्या होतात, यंत्रातल्या गाळणीच्या जाळीवर दाब चढतो आणि बबलमध्ये (फिल्मच्या फुगवलेल्या फुग्यात) गुठळीपाशी छिद्र पडतं. खडूच्या भुकटीसारखी भर म्हणून नळी वापरणं म्हणजे ती वाया घालवणं.

खरा वाद वेगळा आहे: नळीचं मास्टरबॅच (आधी थोड्या पॉलिमरमध्ये नळी दाट मिसळून केलेला दाणा) पीएलएत करायचं की पीबॅटमध्ये? सगळं एकदम हॉपरमध्ये (यंत्राच्या वरच्या नरसाळ्यात) टाकलं तर ११०–१२० अंशांना वितळणारं पीबॅट आधी नळीला भिजवतं. पीएलए १५० च्या पुढे वितळतं. नळीला शेवटी कुठे राहायला आवडेल याचं गणित पृष्ठताणावरून मांडतात, पण ते आकडे खोलीच्या तापमानाला मोजून १८० अंशांपर्यंत ताणलेले असतात. दोन-तीन मिलिन्यूटन प्रति मीटरचा फरक पडला की उत्तर उलटतं. शिवाय ट्विन-स्क्रूमध्ये (दोन स्क्रूच्या मिसळण्याच्या यंत्रात) माल एक-दोन मिनिटंच असतो, तेवढ्यात नळी आवडत्या जागी पोहोचेलच असं नाही. पीबॅटचे पक्षधर म्हणतात, मास्टरबॅच १४० अंशांना होतं, पॉलिमरच्या साखळ्या कमी तुटतात. मुद्दा रास्त आहे. तरी ज्या पॉलिमरमध्ये नळी टिकणार नाही त्यातच ती आधी भरावी, हे जास्त पटतं. दुसऱ्या पॉलिमरकडे सरकताना ती दोघांच्या सीमेवर अडकते, थेंब एकमेकांत मिसळून मोठे होणं रोखते आणि तिथेच फाट अडवते. नळी नेमकी कुठे बसली हे न दाखवता ताणाचे आकडे देणाऱ्या अहवालांवर म्हणूनच फार विसंबू नये.

मुंबईत जुलैमध्ये दुसरी अडचण येते. पीएलएत ओलावा २५० पीपीएमच्या (दहा लाखांत २५० भागांच्या) खाली हवा. साधा हॉट एअर ड्रायर बाहेरची दमट हवाच गरम करून आत ढकलतो. ८० अंशांना चार तास ठेवायचं तर हवेतला ओलावा काढून टाकणारा डीह्युमिडिफायिंग ड्रायर लागतो. नळीही ओलावा धरते आणि तिच्या अ‍ॅल्युमिनियमवरचे आम्लधर्मी बिंदू वितळलेल्या पीएलएची साखळी तोडतात. एमएफआय (वितळलेला माल किती सहज वाहतो याचं माप) चढतो, बबल डळमळतो. नळीवर सिलेन या सिलिकॉनयुक्त रसायनाचा लेप दिला तर हे बरंच आटोक्यात येतं.

कंपोस्टच्या प्रमाणपत्रासाठी ५८ अंशांना १८० दिवसांत ९० टक्के विघटन लागतं. ते सेंद्रिय कार्बनवर मोजतात, त्यामुळे हॅलोसाइट तिथे आड येत नाही. मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या नळ्यांचं तसं नाही. अर्धा टक्का टाकली तरी मॉलिब्डेनम किलोमागे सुमारे ३,००० मिलिग्रॅम होतं आणि युरोपीय मानकाची मर्यादा १ मिलिग्रॅम आहे. टंगस्टन त्या मानकाच्या धातूंच्या यादीत नाही, म्हणून युरोपला माल पाठवायचा असेल तर या दोन सल्फाइडच्या नळ्यांत टंगस्टनचीच वाट मोकळी राहते.