करार झाला म्हणजे कारखाना आला?

“इतक्या हजार कोटींचा करार झाला, म्हणजे सोलापुरात तेवढ्या नोकऱ्या आल्याच,” असा मेसेज अधूनमधून फिरतो. पोरं पुण्याला जाताना बघणाऱ्या घरात तो खरा वाटतो, त्यात नवल नाही.

पण हा बहुधा सरकार आणि कंपनीतला सामंजस्य करार असतो, म्हणजे फक्त इरादा, लग्नाआधीची बोलणी म्हणा. बहुतेक वेळा तो कायद्याने बांधत नाही. आकडाही अपेक्षित असतो आणि अनेक वर्षांत विभागलेला. पुढे भूखंड, प्रदूषण मंडळाची संमती, बांधकाम परवानगी, वीज, पाणी, मग यंत्रं, भरती त्यानंतर. सरकारी सवलतीही साधारणपणे उत्पादन सुरू झाल्यावरच हातात पडतात.

उलट, सगळेच करार खोटे असतात हेही खरं नाही. काही उभे राहतात, फक्त वेळ लागतो.

पडताळायचं कसं? मेसेजमध्ये भूखंड क्रमांक आहे का बघा. नसेल तर माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून एमआयडीसीला (औद्योगिक भूखंड देणारं सरकारी महामंडळ) विचारा: भूखंड दिला का, ताबा कधी, उत्पादन सुरू झालं का? उत्तराची मुदत साधारण ३० दिवस. नाहीतर सरळ चिंचोळी किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चक्कर मारा. शेड उभी असेल तर दिसेलच.