कराची ते जुहू, टेबलावरून

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा 'पस मॉथ' हे एका इंजिनाचं छोटं विमान घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले. बरोबर पन्नास वर्षांनी, ७८ व्या वर्षी, त्यांनी तीच वाट पुन्हा धरली. मी ती फ्लाइट सिम्युलेटरवर, म्हणजे संगणकावर विमान उडवण्याच्या खेळात धरली. तिथे सीमेवर कोणी पासपोर्ट मागत नाही.

विमान निवडलं सेस्ना १५२. ११० अश्वशक्तीचं इंजिन, वेग ताशी साधारण १८० किलोमीटर. जीपीएस मुद्दाम बंद. नकाशा, कंपास आणि घड्याळ, बस्स. वेळ चौपट पळवायचं बटण असतं, पण ते दाबलं की प्रवासातली गंमतच जाते.

कराची ते अहमदाबाद सुमारे ५९० किलोमीटर. वाटेत कच्छचं रण लागतं आणि खालच्या खुणा संपतात. ना गाव, ना रूळ, ना नदीचं वळण. इथे वाऱ्याचा हिशेब सुरू होतो. डावीकडून, म्हणजे उत्तरेकडून, ताशी २० किलोमीटरचा वारा असेल तर तो विमानाला दर तासाला २० किलोमीटर दक्षिणेला ढकलतो. विमान मोठं की छोटं, वाऱ्याला फरक पडत नाही. फरक पडतो हवेत किती वेळ आहात याने. ताशी ८५० च्या वेगाने जाणारं जेट हे अंतर पाऊण तासाच्या आत कापतं आणि १४ किलोमीटर सरकतं. सेस्नाला सव्वातीन तास लागतात. नाक सरळ अहमदाबादकडे ठेवून निवांत बसलात, तर ६५ किलोमीटर चुकून खंबातच्या आखाताकडे पोचाल. नावाडी पूर आलेली नदी ओलांडताना नावेचं तोंड प्रवाहाच्या उलट धरतो, तसंच इथे नाक सहा-साडेसहा अंश डावीकडे वळवायचं आणि खेकड्यासारखं तिरकं जायचं.

समोरचा वारा त्याहून खट्याळ. ताशी ४० चा वारा तोंडावर आला की जमिनीवरचा वेग १४० वर येतो आणि सव्वातीनाचे सव्वाचार तास होतात. टाकीत वापरता येण्याजोगं इंधन ९३ लिटर, खर्च ताशी २३ लिटर धरला तर जेमतेम चार तास पुरणार. म्हणजे अहमदाबाद येण्याआधीच पंखा थांबणार! येताना हाच वारा पाठीवर घेऊन भरपाई होईल असं वाटतं, पण तसं होत नाही. संथ वेगाने जास्त वेळ जातो, त्यामुळे वाऱ्यात जाऊन-येऊन एकूण वीसेक मिनिटं जास्तच लागतात.

अहमदाबादहून जुहू ४४० किलोमीटर. किनारा उजवीकडे ठेवला की वाट चुकणं अवघड, म्हणून हा टप्पा मला थोडा कंटाळवाणाच वाटला. उतरताना मात्र इंजिन अडखळलं. माठातलं पाणी झिरपून उडतं तेव्हा माठ गार होतो. तसंच कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागात, पेट्रोलची वाफ होते, शिवाय हवा अरुंद गळ्यातून जाताना दाब कमी होऊन आणखी गारठते. हवा दमट असली तर बाहेर २५ अंश असतानाही आत बर्फ धरतो. कमी पॉवरवर उतरताना हा धोका जास्त.

कार्ब्युरेटरमध्ये गरम हवा सोडणारी खुंटी ओढली. इंजिन आणखीच खोकायला लागलं आणि हात लगेच खुंटी परत आत ढकलायला गेला. पण वितळलेल्या बर्फाचं पाणी इंजिनातून जात असतं, म्हणून ते खोकतं. खुंटी तशीच ओढून धरली. थोड्या वेळाने आवाज एकसारखा झाला आणि समोर जुहूची धावपट्टी दिसली, किंचित डावीकडे सरकलेली.