दारू सोडवताना आणि गर्द सोडवताना घरचे कुठे चुकतात

रोज रात्री पिणाऱ्याबद्दल आपण 'घेतो थोडी' म्हणतो. गर्द ओढणाऱ्याबद्दल 'नशा करतो'. खरं तर दोघंही मेंदूवर काम करणारं रसायनच शरीरात घेत असतात, पण एकाचं 'घेणं' आणि दुसऱ्याचं 'करणं' अशी वाटणी बोलण्यातच झालेली आहे. १९६१ आणि १९७१ साली संयुक्त राष्ट्रांचे जे करार झाले, त्यांच्या नियंत्रणाखाली अफू, हेरॉइन, कोकेन, गांजा हे पदार्थ आले. दारू आली नाही. 'दारू आणि ड्रग्ज' असं आपण म्हणतो तेव्हा दारू म्हणजे ड्रग नव्हे, असंच गृहीत धरलेलं असतं. ही वाटणी कायद्याची आणि सवयीची आहे, औषधशास्त्राची नाही.

तिचा सगळ्यात मोठा फटका पिताना नव्हे, सोडताना बसतो. दारू ओळखीची म्हणून ती सोडणं सोपं वाटतं: 'चार दिवस घरात बसवा, उतरेल सगळं.' गर्द भयंकर म्हणून ते सोडताना माणूस दगावेल अशी धास्ती असते, आणि एकदा टर्की, म्हणजे गर्द बंद केल्यावर होणारा त्रास, संपली की सुटलो असं वाटतं. दोन्ही समजुती उलट्या आहेत.

आधी दारू. मेंदूत शांत करणारी गाबा नावाची यंत्रणा असते आणि उत्तेजित करणारी ग्लुटामेटची. दारू पहिलीला जोर देते, दुसरीला दाबते. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू तोल सांभाळण्यासाठी हळूहळू उलटा जोर लावायला शिकतो. दारू एकदम थांबली की दाब जातो, जोर मात्र तसाच राहतो आणि मेंदू चेकाळतो. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते १२ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, छातीत धडधडतं, झोप उडते. ६ ते ४८ तासांच्या दरम्यान फिट येऊ शकते. ४८ ते ९६ तासांत काहींना डिलिरियम ट्रेमेन्स होतो, म्हणजे 'डीटी'. माणसाला आपण कुठे आहोत, दिवस आहे की रात्र, हे उमगत नाही. अंगावर किडे चालल्यासारखे वाटतात, तो चादरीवरून नसलेल्या गोष्टी वेचत राहतो. ताप चढतो, रक्तदाब वाढतो. यात उपचारांविना मृत्यू होऊ शकतो.

घरच्यांची गल्लत नेमकी इथे होते. पहिला दिवस बरा गेला म्हणून ते निर्धास्त होतात, आणि तिसऱ्या दिवशी तो बडबडायला लागला की 'दारू मिळत नाही म्हणून नाटकं करतोय' असं म्हणून खोलीला कडी लावतात. कडी लावलेल्या खोलीत फिट आली तर कुणाला कळतही नाही.

म्हणून जो रोज पितो, ज्याला सकाळी हात स्थिर करायला घोट लागतो, ज्याला पूर्वी सोडताना फिट किंवा भ्रम झालेला आहे, त्याने डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत एकदम बंद करू नये. जितक्या वेळा सोडून पुन्हा सुरू झालेलं असेल, तितकं पुढचं विड्रॉवल, म्हणजे दारू थांबल्यावरचा त्रास, तीव्र होण्याची शक्यता वाढते. 'मागच्या वेळी घरीच सुटली होती' हा भरवसा धरू नये. उपचारात डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडसारखी औषधं देऊन ती साधारण आठवडाभरात कमी करत नेतात, आणि यकृत खराब असेल तर लोराझेपामसारखं औषध निवडतात. या गोळ्या घरी आपल्या मनाने देऊ नयेत; वर दारू प्यायली तर श्वास मंदावतो. सोबत थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१, ग्लुकोजच्या सलाइनआधी किंवा तिच्याबरोबरच देतात. थायमिन संपलेल्या शरीरात नुसतं ग्लुकोज गेलं तर वेर्निके हा मेंदूचा आजार उफाळू शकतो: चाल लटपटते, डोळे नीट फिरत नाहीत, गोंधळ उडतो. वेळेत थायमिन मिळालं नाही तर स्मरणशक्तीचं नुकसान कायमचं राहू शकतं.

आता गर्द, म्हणजे हेरॉइनच्या जातीचा पदार्थ. शेवटच्या डोसनंतर ८ ते १२ तासांत जांभया, नाक-डोळ्यांतून पाणी, अंगावर उभा काटा, मग पोटात मुरडा, उलट्या, जुलाब, हाडं ठणकणं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस, आठवड्याभरात उतार. बघणाऱ्याला हे डीटीपेक्षा भयानक वाटतं, कारण माणूस पूर्ण शुद्धीत राहून तळमळत असतो. पण एरवी धडधाकट माणूस यात सहसा दगावत नाही. दगावलाच तर बहुधा उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी संपून. म्हणून पाणी आणि ओआरएस सतत देत राहावं. गर्भवती स्त्री हा मोठा अपवाद: तिचं गर्द एकदम तोडू नये, डॉक्टरांच्या देखरेखीखाली पर्यायी औषध सुरू करावं.

गर्दमध्ये जीव जातो तो टर्की संपल्यावर. काही दिवस-आठवडे बंद राहिलं की शरीराची सहनशक्ती उतरते. माणूस व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर येतो, एकदा घसरतो आणि जुन्याच मापाने घेतो. काल-परवापर्यंत जेमतेम पुरणारा डोस आता श्वास थांबवतो. हा धोका कमी करणारी, गर्दच्या जागी दिली जाणारी औषधं म्हणजे मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन. ती चालू असेपर्यंत मृत्यूचं प्रमाण बरंच खाली राहतं. तरी 'एक नशा सोडून दुसरी लावली' म्हणत घरचेच ती बंद करायला लावतात. या विषयात याहून महागात पडणारा आग्रह क्वचितच असेल.

बेशुद्ध माणसापुढेही हाच घोळ होतो. गर्दच्या ओव्हरडोसमध्ये डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, ओठ निळसर पडतात, घशातून घरघर येते. त्यावर नॅलोक्सोन हा उतारा आहे, पण त्याचा असर ३० ते ९० मिनिटांचाच असतो. तो ओसरल्यावर श्वास पुन्हा मंदावू शकतो, त्यामुळे शुद्ध आली तरी रुग्णालय चुकवू नये. दारूवर असा उताराच नाही. 'झोपू दे, उतरेल' हे धोक्याचं, कारण पोटातली दारू झोपेतही रक्तात जात राहते. कॉफी किंवा थंड पाण्याची अंघोळ ती उतरवत नाही. कुशीवर वळवावं, एकटं सोडू नये, आणि मिनिटाला ८ पेक्षा कमी श्वास किंवा दोन श्वासांत १० सेकंदांहून जास्त खंड दिसला की लगेच रुग्णवाहिका बोलवावी.

'ते नुसती बिअर पितात' हेही असंच. मिलीलिटर गुणिले टक्के भागिले १००, गुणिले ०.७९, की शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम निघतात. ५ टक्क्यांची ५०० मिली बिअर म्हणजे सुमारे २० ग्रॅम. ४० टक्क्यांची ६० मिली व्हिस्की म्हणजे १९. यकृताला पेल्याचा आकार कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये दारूमुळे सुमारे २६ लाख आणि इतर मादक पदार्थांमुळे सुमारे ६ लाख मृत्यू झाले. यावरून दारूच अधिक जहरी असं मात्र म्हणता येत नाही, कारण पिणारे कितीतरी पटींनी जास्त आहेत. एकेका माणसापुरतं पाहिलं तर हेरॉइनचा एक डोस दारूच्या एका पेगपेक्षा निःसंशय जास्त धोक्याचा. पण दारूला सौम्य समजणारा माणूस डॉक्टरांनी विचारल्यावर 'कधीमधी' एवढंच सांगतो, आणि दुसऱ्याच कारणासाठी शस्त्रक्रियेला दाखल झाल्यावर तिसऱ्या दिवशी वॉर्डात थरथरायला लागतो. तेव्हा दाखल होताना आठवड्यातले किती दिवस, दिवसाला किती मिली आणि शेवटचा पेग किती वाजता, हे तिन्ही घरच्यांनी स्वतःहून सांगावं.