मेसॉनिक ज्वेल (चांदीचे, कोरीव)

फ्रीमेसन (गवंडीकामाची प्रतीके वापरणाऱ्या बंधुसंघाचे सभासद) मंडळींनी सभेत गळ्यातील फितीला किंवा छातीवर लावायचे पदक. नाव ‘ज्वेल’ असले तरी त्यात रत्न असतेच असे नाही. लंडनच्या ग्रँड लॉजने (लॉज म्हणजे फ्रीमेसनांची शाखा, ग्रँड लॉज म्हणजे शाखांवरची मध्यवर्ती संस्था) १७२७ मध्ये लॉजचा मास्टर (प्रमुख) व दोन वॉर्डन (त्याच्या हाताखालचे पदाधिकारी) यांनी पांढऱ्या फितीला ज्वेल लावावे असे ठरवले. चिन्हे गवंड्याच्या पेटीतलीच: मास्टरला गुण्या, सीनियर वॉर्डनला लेव्हल (सपाटी पाहण्याचे साधन), ज्युनियर वॉर्डनला ओळंबा.

संग्राहक ज्यांच्या मागे असतात ती मात्र पदाधिकाऱ्यांची नव्हे, तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सामान्य सभासदांनी हौसेने करवून घेतलेली पत्र्याची ज्वेल. चांदीचा पातळ पत्रा गोल किंवा लंबगोल कापायचा, त्यावर सुईने आराखडा ओरखडायचा, मधली रिकामी जागा बारीक करवतीने काढून जाळी करायची आणि मग दोन्ही बाजूंनी कोरायचे. कोरताना पत्रा वाळू भरलेल्या चामडी उशीवर ठेवतात. वळणदार रेघ काढताना कोरणी धरलेला हात जवळजवळ स्थिर असतो, फिरतो तो पत्रा. ठोक्याच्या नक्षीकामात धातू नुसता दबतो. इथे प्रत्येक रेघेसरशी चांदीची बारीक ढलपी निघून जाते, म्हणून चूक झाकता येत नाही. १७७० नंतर ‘ब्राइट कट’ची चाल आली: चकाकी दिलेल्या कोरणीने तिरपे काप घ्यायचे, म्हणजे मेणबत्तीच्या उजेडात पैलू चमकतात.

तळहाताएवढ्या जागेत दोन खांब, चौकटीची फरशी, कंपास, थापी, शिडी, सूर्य, चंद्र, सात तारे, कवटी असे सगळे दाटीने बसवलेले असते. सूर्याला बहुतेक वेळा चेहरा असतो, आणि तो कधी गुबगुबीत, कधी चक्क वैतागलेला. खरी गंमत या चेहऱ्यांतच आहे. कोरणारा बदलला की सूर्य बदलतो.

लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरचा चांदीकार टॉमस हार्पर हा या कामातला सर्वांत नावाजलेला. तो ‘एन्शन्ट्स’ या प्रतिस्पर्धी ग्रँड लॉजचा डेप्युटी ग्रँड मास्टरही होता. बॉस्टनचा पॉल रिव्हिअर हाही चांदीकार आणि मेसन. तो १७९५ ते १७९७ मॅसॅच्युसेट्सचा ग्रँड मास्टर होता.

काळ ठरवायला चांदीवर उमटवलेले अधिकृत ठसे उपयोगी पडतात. चालता सिंह म्हणजे इंग्लंडची स्टर्लिंग चांदी (हजारात ९२५ भाग), जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅमला तपासलेली चांदी, राजाचे मुंडके म्हणजे कर भरल्याची खूण. ती १७८४ ते १८९० एवढ्याच काळात उमटवत. लहान, हलक्या वस्तूंना कायद्याने सूट असल्याने बरीच ज्वेल ठशाविनाच सापडतात. अशा वेळी झीज पाहावी. वर्षानुवर्षे घासून उजळलेल्या ज्वेलवर उठावाच्या कडेची कोरीव रेघ आधी पुसट होते. सगळीकडे सारखीच तीक्ष्ण रेघ दिसली तर शंका घ्यावी.

१८१३ मध्ये इंग्लंडची दोन्ही ग्रँड लॉज एक झाली, पोशाख व पदकांचे नियम बांधले गेले आणि हौशी ज्वेल मागे पडली. पुढे साच्यात ठोकलेल्या पदकांनी बाजार व्यापला. मार्क मेसन (फ्रीमेसनांतील एका वेगळ्या पायरीचे सभासद) यांच्या ज्वेलवर मात्र हाताला काम उरले. कमानीच्या मधल्या दगडाच्या आकाराच्या या पदकावर एच, टी, डब्ल्यू, एस, एस, टी, के, एस ही अक्षरे वर्तुळात असतात. मधली जागा मोकळी सोडतात; तिथे ज्याने त्याने स्वतः निवडलेली खूण कोरून घ्यायची.