सौर पदार्थांचा रसायनशास्त्रज्ञ

सूर्यप्रकाशाचे विजेत किंवा इंधनात रूपांतर करणारे पदार्थ तयार करणे, शुद्ध करणे, तपासणे आणि टिकवणे हे ज्याचे काम, तो सौर पदार्थांचा रसायनशास्त्रज्ञ. सौरघट म्हटले की भौतिकी आणि इलेक्ट्रॉनिक्स आधी आठवते. पण घटातला प्रकाश शोषणारा पदार्थ कोणीतरी बनवावा लागतो, आणि तो किती वर्षे तग धरेल हे त्याच्या रासायनिक बंधांवर ठरते.

या क्षेत्रात रसायनशास्त्र पहिल्यापासून आहे. १८३९ साली एदमों बेकरेल यांना प्रकाशामुळे निर्माण होणारी वीज प्रथम आढळली ती द्रावणात बुडवलेल्या इलेक्ट्रोडांवर. वनस्पतींप्रमाणे उद्योगांनीही थेट सूर्याकडून ऊर्जा घ्यावी, हा विचार इटालियन रसायनशास्त्रज्ञ जाकोमो चामिचान यांनी १९१२ साली न्यूयॉर्कच्या व्याख्यानात मांडला. बेल प्रयोगशाळेने १९५४ साली जाहीर केलेल्या, सुमारे ६ टक्के कार्यक्षमतेच्या (म्हणजे पडलेल्या प्रकाशऊर्जेपैकी तेवढ्या भागाची वीज करणाऱ्या) सिलिकॉन घटामागच्या तिघांपैकी केल्विन फुलर हे रसायनशास्त्रज्ञ होते. सिलिकॉनमध्ये परके अणू विसरणाने (डिफ्यूजनने), नेमक्या खोलीपर्यंत शिरवण्याचे तंत्र त्यांचे. त्याशिवाय तो घट झालाच नसता.

सिलिकॉनचे शुद्धीकरण हेही मुळात रसायनशास्त्रच. क्वार्ट्झपासून कार्बनच्या साहाय्याने मिळवलेले सिलिकॉन घटासाठी फार मळकट असते. म्हणून हायड्रोजन क्लोराइडशी त्याची अभिक्रिया करून ट्रायक्लोरोसिलेन बनवतात. हा द्रव सुमारे ३२ अंश सेल्सियसला उकळतो, त्यामुळे तो ऊर्ध्वपातनाने पुन्हा पुन्हा शुद्ध करता येतो. शेवटी हायड्रोजनच्या सान्निध्यात, तापलेल्या सळ्यांवर त्यातले सिलिकॉन परत घनरूपात बसवतात. घन पदार्थ धुण्यापेक्षा त्याला द्रव करून गाळावे, ही युक्ती साधी दिसते. जगातल्या बहुतेक सौर पॅनेलांचा पाया तिच्यावर आहे.

संशोधनाचा दुसरा प्रवाह स्वस्त द्रावणांतून घट घडवण्याचा. १९९१ साली ब्रायन ओरेगन आणि मिखाएल ग्रेट्झेल यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या, म्हणजे रंगात वापरल्या जाणाऱ्या पांढऱ्या पुडीच्या, सूक्ष्म कणांवर प्रकाश शोषणारे रंजक चढवून ७ टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता मिळवली. त्याच वाटेने २००९ साली जपानमध्ये त्सुतोमू मियासाका यांच्या गटातल्या आकिहिरो कोजिमा यांनी रंजकाच्या जागी पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकरचनेचे शिसे-हॅलाइड, म्हणजे शिशाचे आयोडीनसारख्या मूलद्रव्याशी झालेले संयुग, वापरले. कार्यक्षमता ३.८ टक्के, आणि घटातल्या द्रवात तो पदार्थच विरघळून जाई. २०१२ मध्ये द्रव काढून घन थर घातला गेला आणि आकडा १० टक्क्यांच्या जवळ पोचला. पुढे तो २५ टक्क्यांच्याही वर गेला.

पेरोव्हस्काइटचा थर कसा बनतो ते पाहिले की या पेशाचा स्वभाव कळतो. शिसे आयोडाइड आणि मिथिलअमोनियम आयोडाइड यांचे पिवळे द्रावण काचेच्या चौकोनी तुकड्यावर ठेवून तो मिनिटाला काही हजार फेऱ्यांनी फिरवतात. फिरणे चालू असतानाच, ठरलेल्या सेकंदाला, क्लोरोबेंझिनसारखा दुसरा विद्रावक वरून सोडतात. मग काच १०० अंशांच्या हॉट प्लेटवर ठेवली की डोळ्यांदेखत थर गडद तपकिरी, जवळजवळ काळा होतो. दुसरा विद्रावक थोडा उशिरा पडला तर तोच थर धुरकट होतो आणि तुकडा वाया जातो. जमलेला थर असतो जेमतेम अर्धा मायक्रोमीटर. सिलिकॉनची चकती त्याच्या सुमारे तीनशेपट जाड असते.

खरी कसोटी यानंतर लागते. ओलावा शिरला की काळा थर पुन्हा पिवळा पडतो, कारण मूळचे शिसे आयोडाइड वेगळे होते. मोजमापही फसवे: थरातले आयन सरकत असल्याने विद्युतदाब चढता ठेवून घेतलेला आकडा आणि उतरता ठेवून घेतलेला आकडा जुळत नाहीत. प्रामाणिक संशोधक दोन्ही देतो आणि घट प्रकाशात चालू ठेवून स्थिरावलेला आकडाही नोंदवतो. ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता अशा पेटीत १,००० तास टिकण्याची चाचणी पॅनेलांसाठी रूढ आहे. नखाएवढ्या घटावरच्या विक्रमी आकड्याचा गाजावाजा होतो, पण या चाचणीत तगणारे रसायन शोधणे अधिक अवघड आहे आणि अधिक मोलाचेही.

या क्षेत्रात येण्याची नेहमीची वाट म्हणजे रसायनशास्त्र किंवा पदार्थविज्ञानातील पदव्युत्तर पदवी, पीएच.डी. आणि मग काही वर्षे पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचे मुदतीचे संशोधनपद. कार्बनी रसायनवाला रंजक आणि बहुवारिके (पॉलिमर) घडवतो, अकार्बनीवाला स्फटिक, विद्युत् रसायनवाला पाण्याचे विघटन करणारे इलेक्ट्रोड. दिवसाचा मोठा भाग नायट्रोजन भरलेल्या ग्लोव्ह बॉक्सच्या, म्हणजे हवाबंद पेटीच्या, जाड रबरी हातमोज्यांत हात घालून जातो. प्रयोगवहीत त्या दिवशीची आर्द्रता आणि विद्रावकाची बाटली कधी उघडली हेही लिहावे लागते. दोन महिन्यांनी प्रयोग पुन्हा जमला नाही, तर उत्तर बहुधा तिथेच सापडते. शिशाची संयुगे विषारी, शिवाय वापरातले काही विद्रावक त्वचेतून शरीरात जातात, म्हणून सुरक्षेचे शिक्षण पहिल्या दिवसापासून असते.

पुढे विद्यापीठे, राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि उद्योग असे मार्ग फुटतात. हेच कसब बॅटरी आणि एलईडीच्या कामातही चालते. अलीकडे वाढत चाललेले काम मुदत संपलेल्या पॅनेलांचे आहे: त्यांतली चांदी, सिलिकॉन आणि काच वेगळी काढणे. सर्वांत चिवट अडथळा घटाला काचेशी चिकटवणाऱ्या बहुवारिकाच्या थराचा. तो उन्हापावसात पंचवीस वर्षे सुटू नये म्हणूनच घडवलेला असतो, आणि आता घट न फोडता तो सोडवणारा विद्रावक किंवा तापवण्याची रीत शोधावी लागते.