वॉलआय संघर्ष (ओजिब्वे मत्स्यहक्क)

अमेरिकेतील विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा या राज्यांच्या तळ्यांवर ओजिब्वे (चिपेवा) आदिवासींना करारांनी राखून ठेवलेला मासेमारीचा हक्क आहे. हौसेने गळ टाकणाऱ्यांनी त्याला केलेल्या विरोधातून हा वाद उभा राहिला. विस्कॉन्सिनमध्ये १९८७ ते १९९१ या काळात त्याला हिंसक वळण लागले. भांडण ज्याच्यावरून झाले तो मासा वॉलआय. ओजिब्वे भाषेत ‘ओगा’.

वसंतात तळ्यांवरचा बर्फ वितळला की ओगा अंडी घालायला काठालगतच्या उथळ, खडकाळ पाण्यात येतो. रात्री उजेड पडला की मांजराच्या डोळ्यांसारखे त्याचे डोळे चमकतात, आणि त्या चमकेवरच नेम धरून भाला मारायचा असतो. पूर्वी यासाठी होडीत मशाल असे. ते पाहून फ्रेंच व्यापाऱ्यांनी एका ठिकाणाला ‘लाक द्यु फ्लाम्बो’, म्हणजे मशालीचे तळे, असे नाव दिले. ओजिब्वेंचे एक आरक्षित क्षेत्र आजही त्याच नावाने ओळखले जाते. आता मशालीऐवजी डोक्यावर विजेचा दिवा असतो. लांब दांड्याचा, अनेक दात्यांचा भाला मात्र हातातून सुटलेला नाही.

या हक्काला अनेक जण ‘सवलत’ म्हणतात आणि घोटाळा तिथेच होतो. १८३७ आणि १८४२च्या करारांत ओजिब्वेंनी आपला विस्तीर्ण मुलूख अमेरिकन सरकारला दिला. सरकारला तिथले पाइनचे लाकूड आणि तांबे हवे होते. जमीन देताना ओजिब्वेंनी त्या मुलखातली शिकार, मासेमारी आणि, १८३७च्या करारात स्पष्ट शब्दांत, तळ्यांतला रानतांदूळ (‘मनोमिन’) गोळा करणे स्वतःकडे ठेवले. म्हणजे हा हक्क त्यांना कोणी दिला नाही. विकताना त्यांनी तो विकलाच नाही. यकामा जमातीच्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०५मध्येच हे तत्त्व मांडले होते : करार म्हणजे आदिवासींना दिलेले हक्क नव्हेत, तर आदिवासींनी दिलेले हक्क. आपल्याकडच्या २००६च्या वनहक्क कायद्यातही जलाशयांतल्या माशांवरचा सामूहिक हक्क आहे. पण तो कायद्याने मान्य केलेला, हा दोन बाजूंच्या करारातला.

१८५०मध्ये राष्ट्राध्यक्ष झॅकरी टेलर यांनी ओजिब्वेंना हुसकावण्याचा आदेश काढला. वार्षिक देणी घेण्यासाठी त्यांना त्या हिवाळ्यात दूरच्या सँडी लेक इथे बोलावले गेले. अपुरे आणि सडके अन्न, रोगराई आणि परतीच्या वाटेवरची थंडी यांत सुमारे ४०० माणसे मेली. तरीही ओजिब्वे आपल्या तळ्यांजवळ टिकून राहिले. पुढे राज्यांनी आपले शिकार-मासेमारीचे नियम त्यांच्यावर लादले आणि करारातला हक्क बजावणारा माणूस ‘चोरटा शिकारी’ ठरू लागला.

१९७४मध्ये लाक कूर्ट ओरेल्स जमातीच्या दोन भावांनी आरक्षित क्षेत्राची हद्द मुद्दाम ओलांडून भाल्याने मासे मारले आणि अटक करवून घेतली. त्यातून संघराज्यीय अपील न्यायालयाचा १९८३चा ‘व्हॉइट (Voigt) निकाल’ आला : करारांतला हक्क अजून जिवंत आहे. मग दर वसंतात होड्या उतरवण्याच्या धक्क्यांवर जमाव जमू लागले. शिवीगाळ झाली, दगड आले, होड्या उलटाव्यात म्हणून मोटरबोटींनी मुद्दाम लाटा उठवल्या गेल्या. ‘वॉलआय वाचवा, इंडियनला भोसका’ अशा फलकांसमोरून ओजिब्वे कुटुंबे अंधारात पाण्यात उतरत होती. हे धैर्य नोंदवलेच पाहिजे. तसेच धक्क्यांवरच्या छळाचे साक्षीदार म्हणून त्यांच्या बाजूला उभ्या राहिलेल्या गोऱ्या शेजाऱ्यांचेही.

गरवणाऱ्यांची तक्रार सगळीच खोटी नव्हती. त्यांचा मोसम मेच्या पहिल्या शनिवारी उघडतो, भाल्याची मासेमारी त्याआधी होते. आणि जमातींनी एखाद्या तळ्यावर हिस्सा जाहीर केला की तिथे गळाच्या माशांची दैनिक मर्यादा उतरत असे. त्यामुळे पर्यटनावर जगणारे धास्तावले. पण ‘भाल्याने तळी रिकामी होतात’ हा आरोप तपासात टिकला नाही. १९९१च्या संयुक्त संघराज्यीय अहवालाने माशांची संख्या सुस्थितीत असल्याचे सांगितले. भाल्याचा प्रत्येक मासा धक्क्यावरच मोजला जातो, त्यात बहुतेक नर असतात. आणि गळाने निघणारे मासे एकूण कितीतरी पट अधिक. त्याच वर्षी न्यायाधीश बार्बरा क्रॅब यांनी छळ करणाऱ्यांविरुद्ध मनाई हुकूम दिला. राज्य आणि जमाती, दोघांनीही करारहक्काच्या निकालांवर पुढे अपील केले नाही.

मिनेसोटात वाद मिल लाक्स या प्रचंड तळ्यावरून झाला. १९९३मध्ये ८६ लाख डॉलर आणि ७,५०० एकर जमीन देऊन तडजोड ठरली होती. ती विधिमंडळाने फेटाळली. १९९९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी मिल लाक्सच्या ओजिब्वे जमातीच्या बाजूने निकाल दिला, आणि १८५०चा आदेशही बेकायदा ठरवला. पुढे तिथले वॉलआय घटले आणि ऑगस्ट २०१५मध्ये गळाची वॉलआय मासेमारी मोसमाच्या मध्यातच बंद करावी लागली. दोष पुन्हा जमातीच्या जाळ्यांना दिला गेला. जीवशास्त्रज्ञांना काळजी होती ती वेगळीच : पिल्ले तगत नव्हती. त्यामागे निवळत चाललेले पाणी, झेब्रा शिंपल्यांसारखे बाहेरून आलेले जीव आणि तापमानवाढ ही कारणे ते तपासत होते.

करारक्षेत्रातल्या मासेमारीचे नियमन १९८४पासून ‘ग्रेट लेक्स इंडियन फिश अँड वाइल्डलाइफ कमिशन’ ही जमातींची संस्था पाहते. लाक द्यु फ्लाम्बोसह अनेक जमातींची स्वतःची मत्स्यबीज केंद्रे आहेत. तिथे वाढवलेली वॉलआयची पिल्ले ज्या तळ्यांत सोडली जातात, तिथे गळ टाकणारेही येतात.