आधी रंग सापडला, कारण नंतर कळलं: सॉल्ट ॲनालिसिसच्या टेस्ट आल्या कुठून?

बारावीच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलला, दिलेल्या मिठात कोणते आयन आहेत ते ओळखायला (हेच सॉल्ट ॲनालिसिस), आपण पाठ करतो, लोखंडाच्या फेरिक आयनमध्ये पोटॅशियम फेरोसायनाइड टाकलं की गडद निळा, थायोसायनेट टाकलं की रक्तासारखा लाल, कॉपरला जास्तीचा अमोनिया घातला की गर्द निळा, निकेलला डीएमजी (डायमिथाइलग्लायॉक्झिम) घातलं की गुलाबी-लाल. चार्ट इतका नीट असतो की वाटतं आधी कोणीतरी डी-ऑर्बिटलची (धातूच्या अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या ठरावीक जागांची) थिअरी मांडली असेल आणि मग त्यावरून या टेस्ट काढल्या असतील. पण यातल्या बऱ्याच टेस्ट थिअरीच्या कितीतरी आधीच्या आहेत, आणि त्या रंगवाल्यांच्या, शाईवाल्यांच्या कामातून आल्यात. शिकवताना हे कोणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

लोखंडाची सगळ्यात जुनी नोंदलेली टेस्ट रोमन लेखक प्लिनीकडे सापडते, पहिल्या शतकातली. तांब्याच्या हिरव्या गंजापासून केलेला रंग महाग, त्यात भामटे लोक हिराकस (लोखंडाचं हिरवट मीठ, फेरस सल्फेट) मिसळायचे. मग काय करायचं, तर माजूफळाच्या रसात भिजवलेल्या पपायरसच्या तुकड्यावर तो रंग लावायचा, लोखंड असेल तर तुकडा लगेच काळा पडतो. म्हणजे टेस्ट पेपरच झाला की तो! आपल्याकडे हिरडा आणि हिराकस वापरून कापड काळं रंगवतात त्यातही हीच रिॲक्शन आहे, माजूफळ-हिरड्यातलं तुरट टॅनिन आणि लोखंड.

फेरोसायनाइडची गोष्ट तर फारच भारी आहे. साधारण १७०६ च्या सुमाराला बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा रंग बनवणारा माणूस किरमिजी किड्यांपासून लाल रंग करत होता, त्यासाठी तुरटी, हिराकस आणि पोटॅश लागायचं. पोटॅश (पोटॅशियमचा क्षार) त्याने डिपेल नावाच्या किमयागाराकडून आणलं, आणि ते आधी जनावरांच्या रक्तापासून तेल काढताना वापरलेलं होतं. लाल व्हायच्या जागी निघाला गडद निळा. हाच प्रशियन ब्लू. कृती बरीच वर्षं गुपित ठेवली होती, ती १७२४ मध्ये छापून आली. पुढे १७५२ मध्ये फ्रान्सच्या माकेर या केमिस्टने हा निळा रंग अल्कलीबरोबर उकळला, निळेपणा गेला, खाली गंजासारखं लोखंड उरलं, आणि वरच्या द्रावणात पुन्हा लोखंडाचं मीठ घातलं तर निळा परत आला. ते द्रावण म्हणजेच आपल्या लॅबमधल्या बाटलीतलं फेरोसायनाइड. लोखंडाच्याच दुसऱ्या, फेरस आयनसाठीचं लाल फेरिसायनाइड त्यानंतर जर्मन केमिस्ट ग्मेलिनने १८२२ मध्ये केलं.

या सुट्या टेस्टना क्रम लावायचं काम स्वीडनच्या बर्गमनने अठराव्या शतकात सुरू केलं, आणि जर्मन केमिस्ट फ्रेझेनियसच्या १८४१ च्या पुस्तकाने ती पद्धत सगळीकडे पोचवली. आधी हायड्रोजन सल्फाइड, मग अमोनिया वगैरे ग्रुप पाडत जायचं, ते तिथूनच. (हायड्रोजन सल्फाइड बनवणाऱ्या किप्स ॲपरेटसचा सडक्या अंड्यांचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना वेगळं सांगायला नको.)

पण रंग येतो का? हे तोपर्यंत कोणालाच सांगता येत नव्हतं. कोबाल्टची अमोनियाबरोबरची संयुगं पिवळी, जांभळी, हिरवी अशी निघायची, साधी व्हॅलन्सी (एक अणू किती बंध करतो तो आकडा) लावून त्यांचा हिशोबच लागत नव्हता. १८९३ मध्ये झुरिकला वेर्नर या केमिस्टने, वय फक्त २६, मांडलं की धातूच्या आयनभोवती ठरावीक संख्येने रेणू किंवा आयन थेट जोडलेले असतात आणि त्यांची रचना बदलली की पदार्थ बदलतो. याला १९१३ चं नोबेल मिळालं. मग १९२९ मध्ये बेथे या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवलं की आजूबाजूच्या आयनमुळे डी-ऑर्बिटलच्या ऊर्जा वेगवेगळ्या होतात; त्या फरकाएवढ्या ऊर्जेचा प्रकाश शोषला जातो आणि उरलेला रंग आपल्याला दिसतो. पाण्यापेक्षा अमोनिया हा फरक जास्त पाडतो, म्हणून मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) फिकट निळं द्रावण अमोनियाने गर्द होतं, आणि झिंकच्या आयनमध्ये डी-ऑर्बिटल पूर्ण भरलेले असल्याने त्याचा अवक्षेप पांढराच राहतो. प्रशियन ब्लूचं कारण मात्र वेगळं, तिथे इलेक्ट्रॉन एका लोखंडाकडून दुसऱ्याकडे उडी मारतो. त्याची स्फटिकरचना नीट कळायला १९७७ उजाडलं, म्हणजे रंग सापडल्यापासून तब्बल पावणेतीनशे वर्षं!

निकेलची टेस्ट मला म्हणूनच वेगळी वाटते. १९०५ मध्ये रशियाच्या चुगायेव या केमिस्टने डीएमजी वापरलं ते वेर्नरच्या कल्पना डोक्यात ठेवून अशी संयुगं अभ्यासताना, त्यामुळे इथे टेस्ट आणि समज जवळपास हातात हात घालून आल्या. त्याच वाटेने १९२६ मध्ये कोलकात्याच्या प्रियदारंजन राय यांनी कॉपर, कोबाल्ट, निकेल ओळखायला रुबिॲनिक ॲसिड हे रसायन पुढे आणलं. आणि डीएमजी अजून रोजच्या वापरात आहे, निकेलची ॲलर्जी असलेल्यांचं कानातलं किंवा पट्ट्याचं बक्कल तपासायला कापसाच्या बोळ्यावर डीएमजी आणि अमोनिया घेऊन घासतात, बोळा गुलाबी झाला की त्यातून निकेल सुटतंय.